छोट्या अमेरिकन विद्यापीठात सोरोरिटी: लेकीला जाऊ द्यावं का?

प्रश्न थोडक्यात असा. लेकीला ओहायोतल्या एका छोट्या खासगी विद्यापीठात पदवीसाठी प्रवेश मिळालाय. एकूण विद्यार्थी दोन हजारांच्या आत. तिथली निम्मी मुलं-मुली कुठल्या ना कुठल्या फ्रॅटर्निटीत (मुलग्यांची, निवडून सदस्य घेणारी संस्था) किंवा सोरोरिटीत (तशीच मुलींची) असतात, हे प्रवेश पक्का झाल्यावर कळलं. लेक म्हणते, मीही जाणार. आईनं तिथल्या रॅगिंगमध्ये मुलं दगावल्याच्या बातम्या वाचल्यात आणि बाबांना वर्गणीचा आकडा ऐकून धडकी भरली आहे. हे प्रकरण नक्की काय, धोका किती, खर्च किती, आणि जाऊ द्यावं का?

अशाच आकाराच्या विद्यापीठांत, मिडवेस्टमध्येच, मी विद्यार्थी विभागात बरीच वर्षं नोकरी करतेय. त्यातला मोठा काळ या घरांची (या संस्थांना आम्ही 'घरं'च म्हणतो) सल्लागार म्हणून गेला. रिक्रूटमेंटचं, म्हणजे नवे सदस्य निवडण्याचं, वेळापत्रक लावायचं, खजिनदारांचे हिशेब बघायचे आणि काही बिनसलं की चौकशीच्या टेबलावर बसायचं, हे माझं काम. म्हणून उत्तर आधी सांगते, कारणं नंतर. जाऊ द्या. पण पहिल्याच सत्रात नको, आणि ज्या चॅप्टरमध्ये, म्हणजे संस्थेच्या स्थानिक शाखेत, जायचंय ते सोडून गेलेल्या एक-दोन मुलींशी बोलल्याशिवाय तर अजिबात नको.

या संस्था मुळात छोट्या कॉलेजांचीच पैदास. न्यूयॉर्क राज्यात स्केनेक्टडी गावी युनियन कॉलेज आहे. तिथं १८२५ मध्ये कप्पा अल्फा सोसायटी निघाली आणि आजच्या फ्रॅटर्निट्यांची वंशावळ लोक तिथून मोजतात. तुमच्या ओहायोतच, ऑक्सफर्ड गावच्या मायामी विद्यापीठात (फ्लोरिडातलं मायामी नव्हे) १८३९ मध्ये बीटा थीटा पाय, १८४८ मध्ये फाय डेल्टा थीटा आणि १८५५ मध्ये सिग्मा काय सुरू झाली. मुलींच्या संस्थाही तशाच आडगावात जन्मल्या. इलिनॉयच्या मॉनमथ कॉलेजात १८६७ आणि १८७० मध्ये दोन निघाल्या, पाय बीटा फाय आणि कप्पा कप्पा गॅमा. इंडियानातल्या ग्रीनकॅसलला, आजच्या डीपॉ विद्यापीठात, १८७० मध्ये कप्पा अल्फा थीटा निघाली. त्या कॉलेजनं मुलींना प्रवेश देऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती. वर्गात मूठभर मुली आणि भोवती नाराज मुलगे, अशा अवस्थेत त्यांनी आपली आपण एक संघटना बांधली. म्हणजे सोरोरिटीची सुरुवात पार्ट्यांसाठी झालेली नाही, एवढं आजींना सांगायला हरकत नाही.

पुढं कॉलेजांनाही ही घरं सोयीची पडली. वसतिगृहं बांधायला पैसा नव्हता. या संस्थांनी घरं घेतली, स्वयंपाकी ठेवला, मुलांची राहण्या-जेवणाची सोय परस्पर लागली. गाव एवढंसं, भोवती मक्याची शेतं, सिनेमा बघायचा तर गाडी काढा. शनिवारी संध्याकाळी जायचं कुठं, या प्रश्नाचं उत्तर दीडशे वर्षं या घरांनीच दिलंय. आजही डीपॉ किंवा व्हर्जिनियातल्या वॉशिंग्टन अँड ली विद्यापीठासारख्या ठिकाणी बहुसंख्य विद्यार्थी 'ग्रीक', म्हणजे ग्रीक अक्षरांची नावं लावणाऱ्या या संस्थांचे सदस्य असतात, त्यामागं फॅशनपेक्षा ही जुनी व्यवस्था जास्त आहे.

आता रचना समजून घ्या, कारण पुढचा सगळा गोंधळ तिथून निघतो. लेक ज्यात जाईल ते चॅप्टर. त्याच्या डोक्यावर दूरच्या शहरात बसलेलं मुख्यालय, ज्याला मुलं नुसतं 'नॅशनल्स' म्हणतात. सनद ते देतं, विमा तेच उतरवतं आणि बंद करायचं तर टाळंही तेच लावतं. घराची इमारत बहुतेक वेळा माजी विद्यार्थ्यांच्या एका वेगळ्या मंडळाची असते, भाडेकरार त्यांच्याशी. आणि विद्यापीठ चॅप्टरला फक्त मान्यता देतं. सगळं सुरळीत असलं की तिघंही समारंभाच्या फोटोत. काही वाईट घडलं की तिघंही एकमेकांकडं बोट दाखवतात, आणि फोन कुणाला करायचा हे पालकांना कळेपर्यंत आठवडा गेलेला असतो. जायच्या आधीच तिन्ही ठिकाणचा एकेक दूरध्वनी क्रमांक लिहून ठेवा.

वातावरणाची कल्पना हवी असेल तर पुण्या-मुंबईतलं गणेश मंडळ डोळ्यांपुढं आणा. वर्गणी, दरवर्षीचा नवा टी-शर्ट, शेजारच्या मंडळाशी खुन्नस, रात्र-रात्र जागणारे कार्यकर्ते, आणि पन्नाशीचे माजी अध्यक्ष येऊन 'आमच्या वेळी' सांगणारे. सगळं तसंच. फरक एकच, पण मोठा: मंडळात यायला कुणी तुमच्यावर मतदान करत नाही.

मुलींचं हे मतदान कसं चालतं ते जरा तपशिलानं सांगते, कारण लेकीला सगळ्यात जास्त दुखापत तिथंच व्हायची शक्यता असते. याला रिक्रूटमेंट म्हणतात. जुनं नाव रश. मुलींच्या बऱ्याच राष्ट्रीय सोरोरिट्या १९०२ पासून चालत आलेल्या नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स या महासंघात आहेत आणि नियम तो ठरवतो. पहिल्या फेरीत प्रत्येक मुलीनं प्रत्येक घरी जायचं. बाहेर रांग लागते, दार उघडतं, आतून चाळीस मुली एकदम गात-ओरडत स्वागत करतात, एक जण हात धरून आत नेते. पाचेक मिनिटं गप्पा होतात, मग दुसरी येऊन बसते आणि पहिली हळूच उठते. हे सहज घडल्यासारखं वाटतं, पण कोणी कुणाशी कधी बोलायचं याची आत महिनाभर तालीम झालेली असते. रात्री मुली आपली पसंती भरतात, घरं त्यांची भरतात, संगणक जुळवतो. दुसऱ्या दिवशी यादी छोटी होते. शेवटच्या रात्री, जिला प्रेफ म्हणतात, फक्त एक-दोन घरं उरतात. दिवे मंद असतात, आवाज खालचा असतो, शेवटच्या वर्षाची एखादी मुलगी आठवणी सांगता सांगता रडते. खरंच रडते, नाटक नसतं. पण त्या रडण्याची वेळही वेळापत्रकात असते. तिथून बाहेर पडल्या पडल्या एका कार्डावर पसंती लिहून सही करायची.

ती सही बंधनकारक असते. कार्डावर लिहिलेल्या घरानं बोलावणं, म्हणजे बिड, दिलं आणि मग लेकीनं नको म्हटलं, तर त्या कॅम्पसवर पुढच्या वर्षीच्या रिक्रूटमेंटपर्यंत महासंघातल्या दुसऱ्या कुठल्याही सोरोरिटीत जाता येत नाही. आणि एकदा दीक्षाविधी झाला, मग सोडलं तरी त्या महासंघातल्या दुसऱ्या सोरोरिटीचं दार कायमचं बंद. अठरा वर्षांच्या मुलीला हे त्या रात्री कुणी सांगत नाही असं नाही. सांगतात, कागदावरही असतं. पण प्रेफच्या खोलीतून डोळे पुसत आलेली मुलगी कागद वाचत नाही.

आता छोट्या विद्यापीठाचा भाग. मोठ्या विद्यापीठात एखाद्या घरानं यादीतून नाव वगळलं तर त्या घरातली मुलगी पुन्हा चार वर्षांत दिसायचीही नाही. आमच्याकडं रिक्रूटमेंटच्या एका सकाळी मी भोजनगृहात कॉफी घेत उभी होते. पहिल्या वर्षाची एक मुलगी ट्रे घेऊन रांगेत होती. यादी अर्ध्या तासापूर्वी हातात पडलेली, तिच्यात तिचं आवडतं घर नव्हतं. तिच्या पुढं उभी होती त्याच घरातली मुलगी, जिच्याशी आदल्या दिवशी तिच्या मनमोकळ्या गप्पा झाल्या होत्या. दोघी एकमेकींकडं बघून हसल्या. मग पुढचीनं वाफल बनवायच्या यंत्रात असं काही डोकं घातलं की त्या यंत्रावर तिला प्रबंध लिहायचाय असं वाटावं. या दोघींना सोमवारी रसायनशास्त्राच्या एकाच प्रयोगशाळेत उभं राहायचं होतं, बहुधा एकाच टेबलाशी.

म्हणून मी म्हणते पहिल्या सत्रात नको. बऱ्याच छोट्या विद्यापीठांनी हे ओळखून रिक्रूटमेंट दुसऱ्या सत्रात नेली आहे. डार्टमथसारख्या ठिकाणी तर दुसरं वर्ष लागेपर्यंत जाताच येत नाही. तुमच्या विद्यापीठात ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच होत असेल तरी लेकीनं ते वर्ष सोडावं. घाई करणाऱ्या मैत्रिणी सांगतील की पुढच्या वर्षी कुणी घेत नाही. मोठ्या दक्षिणी विद्यापीठांत त्यात तथ्य असतं. छोट्या ठिकाणी चॅप्टरना माणसं कमीच पडतात. ज्यांच्या जागा भरत नाहीत ती घरं सत्राच्या मधेही गाजावाजा न करता बोलावतात. त्या वाटेनं आलेल्या मुली मी पाहिल्यात. गाणी-ओरडा चुकतो आणि घरातल्या चार जणी आधीच नीट ओळखीच्या असतात.

थांबण्याचा दुसरा फायदा परदेशी मुलीसाठी खास आहे. पाच मिनिटांच्या गप्पांत पुण्याहून आलेल्या मुलीचे तीन मिनिटं 'तुझं इंग्रजी किती छान आहे' यातच जातात. समोरचीचा हेतू वाईट नसतो. तिला पुढं काय विचारावं ते सुचत नाही. उन्हाळ्यातली शिबिरं, शाळेतली नृत्याची रात्र, कुठल्या गावची, या ठरलेल्या विषयांत आपली मुलगी बसत नाही. तेच सहा महिने एका वर्गात, एका नाटकात, एका संघात गेले की ती 'इंडियाची' राहत नाही, नावानं ओळखली जाते. मग त्या दारात तिला ओळख करून द्यावी लागत नाही.

वंशाच्या प्रश्नावर गोड बोलून उपयोग नाही. कित्येक राष्ट्रीय संस्थांच्या नियमांत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गोऱ्या ख्रिश्चनांखेरीज कुणाला घ्यायचं नाही अशी कलमं होती. १९४८ मध्ये अ‍ॅमहर्स्ट या छोट्या कॉलेजातल्या फाय कप्पा सायच्या चॅप्टरनं एका कृष्णवर्णीय विद्यार्थ्याला घेतलं, तर मुख्यालयानं त्या चॅप्टरलाच बाहेर काढलं. मुलांनी माघार घेतली नाही. स्वतंत्र स्थानिक संस्था म्हणून ते चालू राहिले. या बंद दारांमुळंच कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी आपल्या संस्था काढल्या: कॉर्नेलला १९०६ मध्ये अल्फा फाय अल्फा, हॉवर्डला १९०८ मध्ये अल्फा कप्पा अल्फा. कमला हॅरिस या दुसरीच्या सदस्य. आणि हे सगळं इतिहासजमा झालं म्हणावं तर अलाबामा विद्यापीठातल्या पारंपरिक गोऱ्या सोरोरिट्यांनी कृष्णवर्णीय मुलींना दार उघडलं ते २०१३ मध्ये, विद्यार्थ्यांच्याच वर्तमानपत्रानं भांडं फोडल्यावर. दक्षिण आशियाई मुलांच्याही संस्था आहेत, १९९०च्या दशकात बिंगहॅम्टन, पेनसिल्व्हेनिया, टेक्सास अशा मोठ्या विद्यापीठांत निघालेल्या. दोन हजारांच्या कॅम्पसवर त्यांचं चॅप्टर असण्याची शक्यता जवळजवळ नाही. तेव्हा लेक जाईल त्या घरात ती बहुधा एकटी भारतीय असेल. घरात आधी वेगळ्या वर्णाच्या किती मुली होत्या, आणि त्यातल्या किती शेवटच्या वर्षापर्यंत टिकल्या, हे तिनं बघावं. भिंतीवर दरवर्षीचा सदस्यांचा एकत्रित फोटो लावलेला असतो. सलग चार वर्षांचे फोटो पाहिले की विचारायचीही गरज पडत नाही.

आता आईची काळजी. इथल्या हेझिंगला आपण सरसकट रॅगिंग म्हणतो, पण एक फरक लक्षात ठेवा. रॅगिंग होतं ते वसतिगृहात आलेल्या कुणावरही. त्याला ते नको असतं. महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंगबंदी कायदा त्याच समजुतीवर उभा आहे. हेझिंग होतं ते आत यायची इच्छा असलेल्यावर. तो स्वतःहून आलेला असतो, त्यामुळं तक्रार करत नाही. उलट घरच्यांपासून लपवतो. म्हणूनच पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय की विद्यार्थ्याची संमती होती हा बचाव चालणार नाही. हा कायदा टिमथी पियाझाच्या नावानं ओळखला जातो. फेब्रुवारी २०१७ मध्ये पेन स्टेट विद्यापीठात बीटा थीटा पायच्या घरी नव्या सदस्यांना भराभर दारू पाजली गेली. त्यातला टिमथी जिन्यावरून पडला. घरातल्यांनी मदत बोलावली ती जवळपास बारा तासांनी. दारूनं सुरुवात झाली, पण जीव गेला तो त्या बारा तासांच्या उशिरापायी. आपल्यावर येईल, चॅप्टर बंद होईल, झोपला की उतरेल, असं म्हणत सगळे थांबले.

तुमच्या ओहायोनं २०२१ मध्ये कॉलिन्स लॉ आणला. बळजबरीनं दारू पाजून गंभीर इजा झाली तर तो तिथं आता फेलनी, म्हणजे मोठा गुन्हा आहे, आणि विद्यापीठाच्या किंवा संस्थेच्या पदावरच्या माणसांनी माहीत असून न कळवणंही गुन्हा. डिसेंबर २०२४ मध्ये देशपातळीवरचा स्टॉप कॅम्पस हेझिंग अ‍ॅक्ट आला. त्यानुसार ज्या संघटना हेझिंगमध्ये दोषी ठरल्या त्यांची नावं आणि काय घडलं याचा गोषवारा विद्यापीठाला जाहीर करावा लागतो, आणि तो संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतो. विद्यापीठाचं नाव आणि हेझिंग ट्रान्सपरन्सी रिपोर्ट एवढं शोधलं की सापडतो. माहितीपत्रकांपेक्षा हा कागद आधी वाचा. मात्र नाव नाही म्हणजे घर सोवळं, असं धरून चालू नका; दोषी ठरलेल्यांचंच नाव तिथं येतं.

जिवावर बेतलेल्या बहुतेक घटना मुलग्यांच्या घरांतल्या. सोरोरिटीत छळ असतो तो बहुधा वेगळा: रात्री-अपरात्री निरोप्यासारखं पळवणं, झोप न मिळू देणं, आठवडाभर कुणी बोलायचं नाही अशी शिक्षा, अंगकाठीवरून शेरे. पोलिसांत जात नाही, पण मुलगी पोखरली जाते. हे सगळं होतं ते नवसदस्य काळात, बिड आणि दीक्षाविधी यांच्या मधल्या काही आठवड्यांत. त्या काळात लेकीचा आवाज फोनवर रोज थकलेला येत असेल, किंवा 'सांगता येत नाही, गुप्त असतं' हे उत्तर वारंवार येत असेल, तर गुप्त काय असू शकतं ते तिला सांगून ठेवा: मंत्र, खूण, विधीचे शब्द. ती कुठं होती आणि किती झोपली, हे कुठल्याही संस्थेचं गुपित नसतं.

एक गोष्ट मात्र बाहेरच्यांना चटकन दिसत नाही, आणि माझ्या मते मुलींच्या दृष्टीनं तीच सगळ्यात महत्त्वाची. सोरोरिटीच्या घरात दारू चालत नाही. महासंघातल्या संस्थांचे नियमच तसे. मुलग्यांच्या घरांवर बंधनं आली ती उशिरा आणि अर्धीमुर्धी. फाय डेल्टा थीटानं २००० पासून आपली घरं कोरडी केली, आणि फ्रॅटर्निट्यांच्या महासंघानं सप्टेंबर २०१९ पासून घरात पंधरा टक्क्यांवरची कडक दारू बंद केली, बिअर राहिली. देशात दारूचं कायदेशीर वय २१. गावात विद्यार्थ्यांना दुसरं ठिकाण नाही. परिणाम असा की शनिवारची पार्टी मुलग्यांच्या घरी, दारू त्यांची, दारावर कोण आत जाणार ते ठरवणारा त्यांचा, खोल्या त्यांच्या, आणि परत जायची वाटही त्यांनीच सांगितलेली. मुली कायम पाहुण्या. मोठ्या शहरात यातून वेगळा पर्याय निघतो. छोट्या गावात नाही. तेव्हा सोरोरिटीत गेल्यानं धोका वाढतो की कमी होतो, असं विचारलं तर माझं उत्तर: चांगली सोरोरिटी असेल तर कमी होतो, कारण पार्टीला दहा जणी एकत्र जातात, दोघी न पिता शुद्धीवर राहतात आणि दहाच्या दहा परत आल्याशिवाय कुणी झोपत नाही. हे त्या घरात खरंच पाळलं जातं का, ते कुठल्याही शनिवारी रात्री साडेबाराला घराच्या पायरीवर कळतं.

व्हिसावर असलेल्या मुलीसाठी दोन गोष्टी. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक झाली तर निकालाची वाट न बघता व्हिसा रद्द होऊ शकतो. तिनं स्टिअरिंगला हात लावायचा नाही आणि प्यालेल्याच्या गाडीत बसायचं नाही. पण कुणी बेशुद्ध पडलं तर ९११ लावायला कचरायचं नाही. मदत बोलावणाऱ्याला शिस्तभंगाच्या कारवाईतून सूट, असा नियम बहुतेक विद्यापीठांत असतो. तो लेकीनं पहिल्या आठवड्यात शोधून वाचावा. 'माझ्या व्हिसाचं काय होईल' या विचारात गेलेली दहा मिनिटं फार महाग पडतात.

बाबांचा प्रश्न सोपा आहे, फक्त उत्तर एका आकड्यात बसत नाही. वर्गणी, म्हणजे ड्यूज, घराघरांत फार वेगळी: सत्राला काही शे डॉलरपासून हजार-दीड हजारांपर्यंत, कुठं त्याहूनही वर. पहिल्या वर्षी त्यावर दीक्षाविधीचं शुल्क आणि बिल्ल्याचे पैसे. घरात राहायला गेलं तर विद्यापीठाच्या खोलीभाड्याऐवजी आणि मेसऐवजी घराला पैसे द्यायचे. कधी कधी ते विद्यापीठापेक्षा स्वस्तही पडतं. खरा खड्डा पडतो तो यादीत नसलेल्या गोष्टींत. प्रत्येक कार्यक्रमाचा टी-शर्ट, रिक्रूटमेंटसाठी ठरावीक रंगाचे कपडे, वसंतातल्या नृत्यसमारंभाचा ड्रेस, आणि आपल्या 'लिटल'ला (जिची आपण थोरली मार्गदर्शक, म्हणजे 'बिग', असतो ती नवी मुलगी) आठवडाभर द्यायच्या भेटवस्तू. बैठक चुकवली तर दंड, तोही बिलात. गेल्या वर्षीच्या एखाद्या प्रत्यक्ष सदस्येचं पूर्ण वर्षाचं बिल बघायला मागा. हिशेब चोख असलेलं घर लगेच दाखवतं. शिष्यवृत्तीचे पैसे सहसा याला लावता येत नाहीत, आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवरचं काम आठवड्याला वीस तासांपुरतंच, हे धरूनच आकडेमोड करा.

शाकाहारी असाल तर स्वयंपाकघराचं आधी विचारा. घरातल्या स्वयंपाक्याला दोन-चार शाकाहारी मुलींची सवय असेल तर काही अडत नाही. नसेल तर वर्षभर सॅलड, चीज आणि दाण्याचं लोणी यावर दिवस काढावे लागतात, आणि विद्यापीठाच्या भोजनगृहाचे पैसे वेगळे मोजून तिथं जावं लागतं. हे मी गमतीनं सांगत नाहीये. घर सोडण्यामागं जेवण हे कारण मी अनेकदा ऐकलंय.

इतकं सगळं असूनही जाऊ द्या का म्हणते? कारण चांगलं चॅप्टर अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरींना जी कामं करायला लावतं, ती वर्गात मिळत नाहीत. आमच्याकडं नागपूरचा एक मुलगा त्याच्या फ्रॅटर्निटीचा खजिनदार होता. दुसऱ्या वर्षाला होता, वय वीस. छत दुरुस्तीचं कंत्राट, स्वयंपाक्याचा पगार, विम्याचा हप्ता, आणि वर्गणी थकवणाऱ्या जिवलग मित्राला त्याच्याच खोलीत जाऊन 'तुझी हप्तेबंदी करतो, पण सही कर' असं सांगणं, हे सगळं त्यानं केलं. तो अर्थशास्त्राचा विद्यार्थी. नोकरीच्या मुलाखतीत त्याला वर्गातलं कुणी काही विचारलं नाही, त्या छताबद्दलच विचारलं. मुलींच्या घरांत रविवारी रात्रीची बैठक नियमानं चालते: कार्यक्रमपत्रिका, ठराव, अनुमोदन, मतदान. देणग्या गोळा करण्याचं कामही दिखाऊ नसतं. ट्राय डेल्टासारख्या संस्थेनं लहान मुलांच्या कर्करोगावर काम करणाऱ्या सेंट ज्यूड रुग्णालयासाठी दहा वर्षांत सहा कोटी डॉलर उभे करण्याचा संकल्प केला होता, तोही अशाच चॅप्टरांमधल्या मुलींच्या पॅनकेक-विक्रीच्या जोरावर. आणि नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला सगळा कॅम्पस ओस पडतो तेव्हा घरी ने म्हणणारी कुणीतरी असते. परदेशी मुलीला या एका आठवड्याची किंमत पहिल्याच वर्षी कळते.

नाही गेली तर बिघडतं का? छोट्या विद्यापीठात थोडं बिघडतं, हे खरं सांगायला हवं. निम्मे लोक ग्रीक असतील तर उरलेल्या निम्म्यांची शनिवार संध्याकाळ विद्यापीठाला नीट आखावी लागते, आणि सगळीच विद्यापीठं ती आखत नाहीत. काही छोट्या कॉलेजांनी हा गुंता मुळातूनच कापला. विल्यम्सनं १९६२ पासून फ्रॅटर्निट्या मोडीत काढायला घेतल्या, कोल्बीनं १९८४ मध्ये, बोडननं १९९७ मध्ये तोच निर्णय घेतला, स्वार्थमोरनं २०१९ मध्ये. तिथं माजी विद्यार्थ्यांनी खूप आरडाओरडा केला, देणग्या बंद करू म्हणाले. कॉलेजं चांगली चालली आहेत. पण त्यांनी घरं काढली तेव्हा बदली जागाही उभ्या केल्या. तुमच्या विद्यापीठात अशी जागा कुठली आहे, ते लेकीनं पहिल्या सत्रात शोधावं: नाटकाचा गट, गायनवृंद, वर्तमानपत्र, आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांचं घर. ती तिथं रमली तर सोरोरिटीचा प्रश्न आपोआप हलका होतो, आणि मग गेलीच तर गरजेपोटी जात नाही.

आता त्या सोडून गेलेल्या मुलींबद्दल. प्रत्येक चॅप्टरमधून दरवर्षी एखाद-दुसरी मुलगी बाहेर पडतेच: पैसे, अभ्यास, नावड. मोठ्या विद्यापीठात ती सापडणार नाही. छोट्या ठिकाणी वर्गात दोन जणींना विचारलं की नाव कळतं. लेकीनं तिच्याबरोबर कॉफी घ्यावी आणि 'का सोडलंस' यापेक्षा 'सोडल्यावर काय झालं' हे विचारावं. अजून एकत्र जेवता का? तुझी 'बिग' वाटेत भेटली तर थांबते का? पैशाचा हिशेब किती दिवसांत मिटला? एका घराबद्दल उत्तर येतं, 'हो, परवाच तिच्या वाढदिवसाला गेले होते.' दुसऱ्या घराबद्दल मुलगी आधी आजूबाजूला कोण बसलंय ते बघते आणि मग बोलते. राष्ट्रीय क्रमवारी, घराचे खांब, माजी सदस्यांत कोण सिनेटर झालं, यातलं काहीही या उत्तरांइतकं उपयोगाचं नाही. वाईट घरंही सदस्यांशी गोड असतात. जाणाऱ्यांशी कशी वागतात तिथं ती उघडी पडतात.

शेवटी कागद. लेक अठरा वर्षांची झाली की विद्यापीठ तिच्या परवानगीशिवाय सहसा तुम्हाला काही सांगणार नाही, आणि करारांवर सही तिचीच चालेल. घरात राहण्याचा करार बहुधा पूर्ण शैक्षणिक वर्षाचा असतो आणि पुष्कळदा दुसऱ्या वर्षापासून सक्तीचा. सहीआधी तो तुम्हाला पाठवायला सांगा आणि तीन कलमं बघा: मधेच सदस्यत्व सोडलं तर उरलेल्या महिन्यांचं भाडं कुणी भरायचं, एका सत्रासाठी परदेशी शिकायला गेली तर घराची सक्ती सुटते का, आणि चॅप्टरच बंद झालं तर अनामत परत कोण देणार. तिसऱ्याचं उत्तर करारात नसेल तर घर ज्यांच्या मालकीचं आहे त्या माजी विद्यार्थ्यांच्या मंडळाला ईमेल करून लेखी घ्या.